परवाना आणि परवानगी : गृहांतर्गत रचनेच्या व्यवसायाचा एक शब्दविचार

गिरगावात ठाकुरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत, किंवा दादरला रानडे रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, घर आतून नवे करून देणाऱ्यांच्या ज्या पाट्या आढळतात, त्यांवरील नामे एकत्र केली तर एक लहानसा शब्दसंग्रह तयार होईल. 'आर्किटेक्ट', 'इंटिरियर डिझायनर', 'इंटिरियर डेकोरेटर', 'फर्निचर कॉन्ट्रॅक्टर', 'सुतारकाम', 'वास्तुसल्लागार' ही त्यांतील ठळक नामे होत. ती धारण करणारे सारे लोक काही अंशी एकच काम करीत असतात : राहत्या जागेची आतील रचना ते बदलतात किंवा बदलावयास सांगतात. तथापि या सहा नामांपैकी केवळ पहिल्यालाच संसदेच्या अधिनियमाचे संरक्षण आहे. उरलेली पाच कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणत्याही परीक्षेवाचून आपल्या नावापुढे लावू शकतो.

व्यवसायाच्या परवान्याचा प्रश्न हा सामान्यतः विधिज्ञांचा आणि प्रशासकांचा प्रश्न मानला जातो. त्यात भाषाभ्यासकाने लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूचे संरक्षण करावयाचे ती वस्तूच जेव्हा एक शब्द असते, तेव्हा त्या शब्दाची व्याप्ती, त्याचे पर्याय आणि त्याचा प्रत्यक्ष व्यवहारातील अर्थ यांचा विचार टाळता येत नाही. गृहांतर्गत रचनेच्या व्यवसायाला परवाना असावा की नसावा, या वादात दोन्ही पक्ष ज्या शब्दांनी बोलतात ते शब्दच तपासून घेण्याची आवश्यकता आहे. तसे केल्यास वादाचे स्वरूप बरेच पालटते.

१९७२ चा वास्तुविद् अधिनियम हा या विचाराचा आरंभबिंदू होय. त्याच्या ३७ व्या कलमाने नोंदणीकृत नसलेल्या व्यक्तीस 'आर्किटेक्ट' हे नामाभिधान व बिरुद वापरण्यास मनाई केली आहे. मनाई वापरण्याची आहे, करण्याची नाही. हा भेद सूक्ष्म वाटला तरी सारा अधिनियम त्यावर उभा आहे. विधेयक मांडतानाच्या उद्देशनिवेदनातही हीच भूमिका होती : अभियंते आणि इतर लोक इमारतींचे आराखडे पूर्ववत् करू शकतील, मात्र त्यांनी स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घेऊ नये. याच्या शेजारी १९६१ चा अधिवक्ता अधिनियम ठेवून पाहावा. तेथे नुसते नाव राखलेले नाही. न्यायालयात वकिली करण्याची क्रियाच सनदधारकांपुरती मर्यादित केली आहे. बिनसनदी मनुष्याने स्वतःला वकील न म्हणविता वकिली केली, तरी तो अपराधी ठरतो. बिननोंदणीच्या मनुष्याने मात्र स्वतःला आर्किटेक्ट न म्हणविता पाच मजल्यांचा आराखडा रेखाटला, तर या अधिनियमाला त्याच्याशी कर्तव्य नाही. एका अधिनियमाने नाम राखले आहे, दुसऱ्याने क्रियापद.

३७ व्या कलमातील अपवाद तर शब्दार्थशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून ठेवण्याजोगा आहे. उद्यानरचना करणारा 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजांची रचना करणारा 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना मनाई लागू नाही, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे विशेषण लागल्याने मुख्य नामाचा अर्थ बदलतो, हे अधिनियमकर्त्यांना दोन ठिकाणी मान्य आहे. तिसऱ्या ठिकाणी नाही. त्यामुळे 'इंटिरियर आर्किटेक्ट' हे बिरुद बिननोंदणीच्या मनुष्याला वर्ज्य ठरते. अक्षरशः पाहू गेल्यास संगणकक्षेत्रातील 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' यांनाही अधिनियमात अपवाद नाही. मुंबईतील किती तरी संगणक-व्यावसायिक हे बिरुद निश्चिंतपणे मिरवीत असतात. १९७२ मध्ये त्यांची कल्पना कोणाला असणार! परंतु नामावर आधारलेल्या नियमनाची ही अंगभूत अडचणच आहे. भाषेत नामे पसरत जातात, त्यांच्यामागून धावणाऱ्या अधिनियमाची मात्र दमछाक होते.

१७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएडा प्राधिकरणाच्या एका पदासंबंधीच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ निश्चित केला. ३७ वे कलम नामाचा वापर रोखते, व्यवसाय रोखत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले; त्याच वेळी, ज्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' हा शब्द आहे त्या पदावर नोंदणी नसलेली व्यक्ती नेमता येणार नाही, असेही सांगितले. पदाचे नाव बदलण्याची मोकळीक प्राधिकरणाला राहिली. निकाल अधिनियमाच्या शब्दांना धरून आहे. त्याला दोष देता येत नाही. पण त्याचा परिणाम ध्यानी घेण्याजोगा आहे : तेच टेबल, तोच आराखडा आणि तोच मनुष्य, दारावरील पाटी तेवढी बदलली की सर्व यथास्थित. शब्दाचे पावित्र्य राखले गेले, कामाची शाश्वती मात्र त्यामुळे वाढली नाही.

मराठीत आल्यावर हे संरक्षण आणखी विरळ होते. अधिनियमाच्या हिंदी पाठात 'वास्तुविद्' हा शब्द आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात आणि म्हाडात तोच अधिकारी 'मुख्य वास्तुशास्त्रज्ञ' असतो. वृत्तपत्रे 'वास्तुविशारद' लिहितात. शेवटच्या शब्दातील 'विशारद' हे पद 'संगीत विशारद' या परीक्षेमुळे मराठी कानाला उत्तीर्णतेचे सूचन करते, म्हणून तो शब्द त्यातल्या त्यात बरा. 'वास्तुशास्त्रज्ञ' या शब्दाची मात्र दैना झाली आहे. गेल्या काही दशकांत 'वास्तुशास्त्र' म्हणजे दिशा, ईशान्य कोपरा आणि देवघराचे तोंड, असा अर्थ लोकव्यवहारात रूढ झाला. सामान्य कुटुंबातील मनुष्य 'वास्तुतज्ज्ञाला दाखविले' असे म्हणतो, तेव्हा त्याने खांब-तुळयांचे गणित जाणणाऱ्याला दाखविले असेल असे समजण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर आग्नेयेस आणण्यासाठी मधली भिंत काढण्याचा सल्ला देणाऱ्याचे बिरुद आणि शासनाच्या सर्वोच्च वास्तुरचनाकाराचे पदनाम एकाच धातूचे नाणे होऊन बसले आहे. इंग्रजी शब्दाभोवती कुंपण घालताना मराठी शब्दाचे दार उघडे राहिले, असे येथे म्हणावे लागते.

आता गृहांतर्गत रचनाकाराकडे वळावे. त्याच्यासाठी नामाचेही कुंपण नाही आणि क्रियेचेही नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही त्यांची संस्था १९७२ मध्येच, म्हणजे वास्तुविद् अधिनियमाच्याच वर्षी, स्थापन झाली; परंतु ती सभासदांची संघटना आहे, वैधानिक परिषद नव्हे. तिचे सभासदत्व नसलेल्या कोणासही हा व्यवसाय करता येतो. शिक्षणाच्या सोयी मात्र जुन्या आणि भक्कम आहेत. सर जे. जे. कलाविद्यालयात हा विषय 'इंटिरियर डेकोरेशन' या नावाने कलाशाखेत शिकविला जात आला. प्रभादेवीच्या रचना संसदेत तो 'इंटिरियर डिझाइन' या नावाने शिकविला जातो. 'डेकोरेशन' आणि 'डिझाइन' या दोन नावांत केवळ फॅशनचा फरक नाही. पहिले नाव कार्याला कलेच्या कुळात बसविते, दुसरे तंत्राच्या. व्यावसायिकांनी पहिल्याचा त्याग करून दुसऱ्याची कास धरली, यामागे कारण आहे : मराठी मुलुखात 'डेकोरेटर' म्हटले की लालबाग-परळच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मंडप, झालरी आणि खुर्च्या येतात. लालबागच्या गणेशोत्सवाने सजावटीची जी परंपरा निर्माण केली ती थोर आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांच्यासारखा चित्रपटांचा कलादिग्दर्शक 'लालबागच्या राजा'चा देखावा वर्षानुवर्षे उभारीत असे. परंतु ती सजावट विसर्जनानंतर उतरवावयाची असते. घराच्या आत केलेले काम उतरत नाही. ते वीस वर्षे इमारतीवर भार टाकीत राहते.

'सजावट' हा शब्द या कारणाने फसवा आहे. 'गृहसजावट', 'अंतर्गत सजावट' हे वृत्तपत्रीय मराठीतील रूढ पर्याय वरवरच्या, पृष्ठभागावरच्या कामाचे सूचन करतात : रंग, पडदे, दिवे. बोलभाषा या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. 'घराचं इंटिरियर केलं', 'फर्निचर करून घेतलं' हे प्रयोग दादर-नायगावात सर्वत्र ऐकू येतात. इंग्रजीतील विशेषण येथे नाम झाले आणि 'करणे' या क्रियापदाचे कर्म बनले. 'फर्निचर' या शब्दाने तर मेज-खुर्च्यांची हद्द ओलांडून पार्टिशन, पोटमाळा, खोटे छत, ओटा आणि प्रसंगी पाडलेली भिंत इतके सारे पोटात घेतले. ज्याला 'फर्निचरवाला' म्हणतात तो पुष्कळदा त्या घराचा एकमेव रचनाकार असतो.

त्याचे दुसरे नाव 'मिस्त्री'. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' याचे रूप मानला जातो. गोव्यात सुताराला 'मेस्त' म्हणतात तो याचाच भाऊ. पोर्तुगालमध्ये 'मेस्त्रे' ही पदवी श्रेणीच्या परीक्षेनंतर मिळत असे; ती मिळाल्यावाचून स्वतंत्र दुकान थाटता येत नसे. म्हणजे परवाना या शब्दाच्या उदरातच होता. किनारपट्टीवर शब्द आला, परीक्षा मागे राहिली. आपल्याकडे त्या परीक्षेची जागा घराण्याने आणि उमेदवारीने भरून काढली, आणि ती व्यवस्था कमी प्रतीची होती असे समजण्याचे कारण नाही. गिरगावातील लाकडी चौकटीच्या चाळी ज्यांच्या हातून उभ्या राहिल्या, त्यांना कोणत्या तुळईला हात लावू नये हे पदविकेवाचून कळत होते. अडचण एवढीच की, आज 'मिस्त्री' म्हणून ज्याला हाक मारली जाते त्याच्यामागे ती उमेदवारी असेलच असे नाही, आणि शब्दावरून ते ओळखता येत नाही.

नामांची ही स्थिती. आता ज्या विधानांनी नामाकडे न पाहता क्रियेकडे पाहिले, त्यांचा विचार करावा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याचे ३४२ वे कलम व्यवसायाचा उल्लेखही न करता सांगते की, इमारतीत भर घालू इच्छिणाऱ्या, तिचा कोणताही भाग काढून, बदलून वा पुन्हा उभारून फेरफार करू इच्छिणाऱ्या, खोलीचे विभाजन करू इच्छिणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने आयुक्तांस सूचना दिली पाहिजे. जागा राहण्यायोग्य ठेवण्यासाठी करावयाच्या दुरुस्त्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत : गिलावा, रंग, फरशी बदलणे, मोरी व शौचकूप यांची दुरुस्ती, नळ व विजेची जोडणी, आणि त्याच सामग्रीने छप्पर बदलणे. येथे सारा भर क्रियापदांवर आहे. काम करणारा सुतार की पदवीधर, हा प्रश्नच उद्भवत नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातील एक स्पष्टीकरण याहून रसाळ आहे. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूला जागा सोडावी लागू शकते, असे १६ व्या कलमात आहे. परंतु कायम स्वरूपाचे बांधकाम कशाला म्हणू नये, याचीही यादी तेथे दिली आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील उभा ओटा, दार, जाळी, वायुवीजनासाठी खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे — आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली ही कामे कायम बांधकाम ठरत नाहीत. गिरगावातील पागडीच्या खोलीचे एका वाक्यात केलेले इतके नेमके वर्णन ललित वाङ्मयातही विरळा आढळेल. भाडेकरूला इमारतीचा दर्शनी भाग बदलता येत नाही, जिना रुंद करता येत नाही. आतली बाजू तेवढी त्याची. चुलीजवळ बसून स्वयंपाक करणाऱ्या पिढीकडून उभ्या ओट्याकडे, एका खोलीतील तीन पिढ्यांकडून पार्टिशनकडे झालेले स्थित्यंतर या यादीत गोठलेले आहे. गृहांतर्गत रचनेचा मुंबईतील खरा इतिहास लिहावयाचा तर प्रदर्शनांच्या चित्रपुस्तिकांपेक्षा हे कलम अधिक उपयोगी पडेल.

क्रियापदांवर भिस्त ठेवणारी ही पद्धती नामांच्या पद्धतीपेक्षा बरी, यात संशय नाही. पण तीही निर्दोष नाही. 'फरशी बदलणे' हे निरुपद्रवी कृत्यांत मोडते. बदलणे म्हणजे जुने काढून नवे बसविणे, हा त्या क्रियापदाचा सरळ अर्थ. प्रत्यक्षात जुनी लादी उखडण्याचा खर्च आणि खालच्या बिऱ्हाडाची कुरकूर टाळण्यासाठी पुष्कळदा लादीवर लादी चढविली जाते. १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटरची, खोली धरावी. तिच्यात पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा थर घातला तर त्याचेच वजन दीड टनाच्या घरात जाते. वरच्या लाद्या धरून ते पावणेदोन टनांपर्यंत पोहोचते. कडीपाटावर उभ्या असलेल्या मजल्यावर हा भार कायमचा येतो, आणि भाषेच्या दृष्टीने तेथे फक्त 'फरशी बदललेली' असते. 'बदलणे' आणि 'चढविणे' यांतील अंतर ज्याला कळते असा मनुष्य त्या खोलीत त्या वेळी हजर असणे, हा सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे.

यापेक्षा मोठी त्रुटी कर्त्यासंबंधीची आहे. मराठीत 'पडणे', 'पाडणे' आणि 'पाडविणे' अशी एक शिडी आहे. भिंत पडते, गवंडी ती पाडतो, तिसरा कोणी गवंड्याकडून ती पाडवितो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आजच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत प्रयोजक क्रियापदांचे हे प्रकरण विद्यार्थ्याला परिचित आहे. परंतु व्यवहारात ही शिडी अर्धीच वापरली जाते. 'अण्णांनी घर बांधले' याचा अर्थ अण्णांनी विटा रचल्या असा कोणी करीत नाही; ज्याचा पैसा तो कर्ता, असा मराठीचा रिवाज आहे. 'घर पाहावे बांधून' ही म्हणही गृहस्थालाच उद्देशून आहे, गवंड्याला नव्हे. या रचनेत दोन टोके दिसतात : वर पैसा देणारा, खाली हात चालविणारा. मधला, ज्याने कागदावर बोट ठेवून 'ही भिंत काढा' असे सांगितले, तो वाक्यातून गळतो. ३४२ व्या कलमातील 'इच्छिणारी व्यक्ती' ही अशीच पैसा देणारी आहे. गृहांतर्गत रचनाकाराची इच्छा ही कायद्याच्या व्याकरणात इच्छाच नव्हे.

दुर्घटना घडली म्हणजे तर वाक्यातील उरलासुरला कर्ताही नाहीसा होतो. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला डॉकयार्ड रस्त्याजवळील महापालिकेची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे मृत्युमुखी पडली. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली निवासी इमारत कोसळून १७ माणसे दगावली. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या अनधिकृत फेरबदलांचा आरोप पुढे आला. 'इमारत कोसळली' हे वाक्य दोन्ही दिवशी सर्वत्र छापले गेले. 'कोसळणे' हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला कर्ता म्हणून इमारतच लागते. पावसात दरड कोसळते, तशी इमारत. या क्रियापदाने दुःख व्यक्त होते, उत्तरदायित्व व्यक्त होत नाही. तळमजल्याच्या पोटात कोणी काय काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले, हे विचारण्यासाठी वाक्य पुन्हा सकर्मक आणि मग प्रयोजक करावे लागते. फौजदारी तपासात ते घडते. पण तोवर माणसे गेलेली असतात.

या पार्श्वभूमीवर गृहांतर्गत रचनाकारांसाठी स्वतंत्र परिषद आणि सक्तीची नोंदणी असावी, ही जी मागणी वेळोवेळी केली जाते, तिचे मूल्यमापन केले पाहिजे. मागणीच्या मुळाशी असलेली चिंता खरी आहे. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट, खोट्या छतातील विजेच्या तारा, भिंतींवरील भार यांचे ज्ञान असलेला आणि नसलेला असे दोघेही आज एकाच बिरुदाने वावरतात; गिऱ्हाईकाला भेद कळण्याचा उपाय नाही. अमेरिकेत १९७४ पासून या व्यवसायासाठी जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेतली जाते, तिचा भर रंगसंगतीपेक्षा बांधकामाचे नियम, इमारतीतील यंत्रणा आणि रहिवाशांची सुरक्षितता यांवर असतो. आपल्याकडे तशी परीक्षा नसणे ही उणीव होय.

परंतु नाम राखावयाचे की क्रिया, हा प्रश्न तेथेही सुटला नाही. अलाबामा राज्याने १९८२ मध्ये नाम राखले आणि २००१ मध्ये पुढचे पाऊल टाकून क्रियाच परवानाधारकांपुरती मर्यादित केली. तसे करताना व्यवसायाची व्याख्या इतकी ऐसपैस झाली की, घरातील सामानाची मांडणी सुचविणे हेही परवान्यावाचून करण्याजोगे राहिले नाही. २००७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. फ्लोरिडाने २०२० मध्ये सक्तीचा परवाना काढून टाकून त्या जागी ऐच्छिक नोंदणी आणली. व्याख्या अरुंद केली तर धोक्याची कामे निसटतात, रुंद केली तर शेजारणीने पडद्याचा रंग सुचविणेही अपराध ठरते. 'सजावट' आणि 'रचना' यांच्यामधील सीमा ज्या भाषेत पुसट आहे, त्या भाषेत या कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याची अवस्था याहून बिकट होईल.

आणि मुंबईत त्याची किंमत कोण देईल, हे उघड आहे. परळ-लालबागच्या गिरण्या बंद झाल्यानंतर त्या वस्तीत जे हातकाम टिकून राहिले, त्यांत सुतारकाम, रंगकाम आणि लादीकाम ही प्रमुख होत. पदविका नसलेला, परंतु तीस वर्षे पार्टिशने आणि पोटमाळे घालणारा कारागीर सक्तीच्या परवान्याच्या पहिल्याच वर्षी बेकायदा ठरेल. तो काम सोडणार नाही. पदवीधराच्या सहीखाली, कमी मजुरीवर, तेच काम करील. बिरुदाचे भाडे तेवढे वाढेल. नामाचे संरक्षण करणाऱ्या व्यवस्थेचा हा परिणाम नोएडाच्या प्रकरणातून दिसतोच : पाटी बदलते, हात तेच राहतात.

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी मराठीनेच एक भेद आयता पुरविला आहे. 'परवाना' आणि 'परवानगी' हे दोन्ही शब्द फारसीतून आले; पण मराठीत त्यांनी आपापली कामे वाटून घेतली. परवाना माणसाला मिळतो आणि त्याच्या खिशात राहतो : गाडी चालविण्याचा, बंदुकीचा, दारूचा. परवानगी एका कृत्याला मिळते आणि त्या कृत्याबरोबर संपते : मिरवणुकीची, मंडपाची, सुट्टीची. सीमा अगदी स्वच्छ नाही. 'बांधकाम परवाना' असा प्रयोगही सर्रास आढळतो. तरीही सामान्य वक्त्याला हा भेद जाणवतो, आणि एका घराच्या कामाकडे त्या भेदाने पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. विजेचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावे असा नियम आहे. नळकारागिराला महापालिका परवाना देते. इमारतीचा आराखडा पालिकेस सादर करणारा नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक सर्वेक्षक असावा लागतो. भिंतीच्या फेरफाराला परवानगी लागते. रंगाला काहीच लागत नाही, आणि लागूही नये. तार, नळ, भिंत आणि रंग या चौघांना एका कागदावर आणून, आधी काय आणि नंतर काय हे ठरविणारा जो कोणी असतो, त्याच्याजवळ परवानाही नसतो आणि परवानगीच्या अर्जात त्याचे नावही नसते. परवान्याची मागणी करणाऱ्यांनी पहिल्या उणिवेवर बोट ठेवले. दुसरी उणीव अधिक गंभीर असून तिच्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष नाही. ती भरून काढावयास नवी परिषद लागत नाही आणि कोणा सुताराची उपजीविकाही जात नाही.

तशी संधी सध्या मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने उभारलेल्या नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात असून, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यात आल्या. शंभर वर्षे एका खोलीत राहिलेली कुटुंबे उंच इमारतींत, नव्या पद्धतीच्या बांधकामात राहावयास जात आहेत, आणि जुन्या खोलीत ज्या मिस्त्रीने पार्टिशन घातले त्यालाच नव्या घरात 'फर्निचर करावयास' बोलावणे हे त्यांच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. चाळीत ज्या आडभिंतीवर त्याने निर्धास्तपणे छिन्नी चालविली, तशीच दिसणारी भिंत अनेक उंच इमारतींत भार वाहणारी असते. काँक्रीटच्या अशा भिंती तेथे खांबांचेच काम करतात. डोळ्यांना दोन्ही भिंती सारख्याच.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपल्या गाळ्यात भर वा फेरफार करावयाचा असेल, तर त्याने समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि सचिवाकडे कामाच्या तपशिलासह अर्ज द्यावा लागतो. या उपविधीतही कर्ता एकच, सभासद. त्याच अर्जात काम सुचविणाऱ्याचे नाव, त्याचे शिक्षण वा अनुभव, कोणत्या भिंतींना हात लागणार नाही याविषयी त्याचे निवेदन आणि खाली त्याची सही, एवढे चार रकाने वाढविता येतील. रकान्याच्या डोक्यावर 'आर्किटेक्ट', 'डिझायनर' वा 'मिस्त्री' असे कोणतेही नाम छापण्याची जरुरी नाही. 'काम सुचविणाऱ्याची सही' एवढे लिहिले म्हणजे पुरे. 'सुचविणे' हे क्रियापद 'सुचणे' याचे प्रयोजक रूप आहे.